विश्लेषण : रहस्याची किल्ली मच्छिमाराच्या झोपडीत... ‘द मूनस्टोन’चे लेखक विल्की कॉलिन्स कोण होते?

श्रीरंगपट्टणच्या लुटीत चोरलेला एक हिरा इंग्लंडमधल्या श्रीमंत घरातून रातोरात नाहीसा होतो. स्कॉटलंड यार्डचा नावाजलेला अधिकारी येतो, घर पालथे घालतो, नोकरांची झडती घेतो. पण खरा दुवा त्या घरात नसतोच. तो असतो जवळच्या मच्छिमार वस्तीत, एका लंगड्या मुलीने जपून ठेवलेल्या पत्रात. १८६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द मूनस्टोन’ या कादंबरीची ही गोष्ट. इंग्रजीतील गुप्तहेर कादंबरीचा पाया म्हणून तिचे नाव घेतले जाते. तिचे लेखक विल्की कॉलिन्स यांना रहस्याचा धागा मोठ्या घरातून कोळ्यांच्या वस्तीत नेण्याचे का सुचले? त्यांच्या स्वतःच्या आयुष्यात कोणती गुपिते होती? आणि त्यांची किंमत कोणी मोजली?

‘द मूनस्टोन’मध्ये नेमके काय घडते?

कादंबरीची सुरुवात १७९९ मध्ये होते. टिपू सुलतानाच्या श्रीरंगपट्टणवर इंग्रज फौज तुटून पडते आणि त्या गोंधळात हर्नकॅसल नावाचा इंग्रज अधिकारी हिऱ्याच्या तीन राखणदारांना मारून तो पळवतो. हा हिरा मूळचा सोमनाथच्या चंद्रदेवाच्या मूर्तीवरचा, अशी कथेतली कल्पना आहे. जवळपास ५० वर्षांनंतर, १८४८ मध्ये, हर्नकॅसलच्या मृत्युपत्रानुसार तो हिरा त्याची भाची रेचेल व्हेरिंडर हिला वाढदिवसाची भेट म्हणून मिळतो. त्याच रात्री तो चोरीला जातो.

व्हेरिंडर कुटुंबाचे घर इंग्लंडच्या उत्तरेकडील यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर आहे. घरापासून थोड्या अंतरावर भरती-ओहोटीच्या वेळी थरथरणारी, पाय पडला की माणसाला आत ओढून घेणारी वाळू आहे. तिच्या पलीकडे कॉब्ज होल ही मच्छिमारांची छोटी वस्ती आहे. घरातली मोलकरीण रोझॅना स्पिअरमन फावल्या वेळात त्या वाळूकडे बघत बसते. ती पूर्वी चोरी करून तुरुंगात गेलेली, एका खांद्याने वाकडी, अबोल मुलगी. मोठ्या घरात तिला कोणी जवळचे नाही. वस्तीतल्या योलंड या मच्छिमार कुटुंबाची पायाने अधू असलेली मुलगी लूसी हीच तिची एकुलती मैत्रीण.

चोरीनंतर रोझॅना योलंडांच्या घरी जाते, पत्र्याची एक पेटी आणि कुत्र्याला बांधायच्या दोन साखळ्या विकत घेते. दुसऱ्याच दिवशी ती त्या वाळूत जीव देते. पेटीत काय होते, हे कळायला पुढे जवळपास एक वर्ष जावे लागते. लूसीकडचे पत्र वाचून हिऱ्याचा शोध घेणारा फ्रँकलिन ब्लेक वाळूतली साखळी ओढतो. पेटीत सापडतो रंगाचा डाग लागलेला, रात्री झोपताना घालायचा सदरा. चोराच्या अंगावर असाच सदरा असणार, हे तपासात आधीच ठरलेले असते. ब्लेक सदऱ्यावर शिवलेले नाव वाचतो, तर ते त्याचे स्वतःचेच असते.

खरा गुन्हेगार कोण, हे कादंबरी पुढे उलगडते आणि ते वाचण्यातच मजा आहे. इथे लक्षात घ्यायची गोष्ट वेगळी. पोलिसांना, वकिलांना, घरच्या मालकिणीला जे कळले नाही ते एका मोलकरणीला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. तिला नीट विश्वासात घेऊन विचारणारे मात्र कोणी नव्हते.

कॉलिन्स यांची समुद्रकिनाऱ्याशी ओळख कशी झाली?

विल्यम विल्की कॉलिन्स यांचा जन्म ८ जानेवारी १८२४ रोजी लंडनमध्ये झाला. वडील विल्यम कॉलिन्स हे रॉयल अकादमीचे सदस्य आणि नावाजलेले निसर्गचित्रकार. किनारा, होड्या, वाळूत कोळंबी पकडणारी मच्छिमारांची मुले हे त्यांच्या चित्रांचे आवडते विषय होते. अशी चित्रे श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत लागत आणि त्यावर कॉलिन्स कुटुंबाचे घर चाले. मुलाला विल्की हे नाव वडिलांचे मित्र आणि प्रसिद्ध चित्रकार डेव्हिड विल्की यांच्यावरून मिळाले.

विल्की बुटके होते. त्यांच्या कपाळाची उजवी बाजू जन्मापासून फुगीर होती, हातपाय अगदी लहान होते. बारा ते चौदा या वयात ते कुटुंबाबरोबर इटली आणि फ्रान्समध्ये राहिले. परतल्यावर त्यांना वसतिगृहाच्या शाळेत घातले गेले. तिथला एक दांडगा मुलगा त्यांना रोज रात्री गोष्ट सांगायला लावी; न सांगितल्यास मार मिळे. गोष्ट रंगवण्याची, ऐकणाऱ्याला पुढच्या रात्रीसाठी लटकत ठेवण्याची सवय तिथेच लागली, असे ते पुढे गमतीने सांगत.

१८४१ मध्ये वडिलांनी त्यांना लंडनच्या स्ट्रँड भागातील चहाच्या पेढीत उमेदवारीला लावले. कामात मन रमेना, पण पेढीवर बसून लेखन सुरू झाले. नंतर त्यांनी कायद्याचा अभ्यास केला आणि १८५१ मध्ये बॅरिस्टरची सनद मिळवली. वकिली त्यांनी कधी केली नाही. साक्षीदार आपण पाहिले तेवढेच सांगतो आणि सगळ्यांच्या साक्षी जुळवल्यावरच खरे काय ते कळते, ही न्यायालयातली रीत मात्र त्यांनी उचलली. ‘द मूनस्टोन’ अशीच वेगवेगळ्या साक्षीदारांच्या जबान्यांतून सांगितलेली आहे.

वडिलांचे १८४७ मध्ये निधन झाले. त्यांचे चरित्र हे विल्की यांचे पहिले छापलेले पुस्तक. त्यानंतर १८५० च्या उन्हाळ्यात ते एका चित्रकार मित्राबरोबर इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये पायी फिरायला गेले. रेल्वे तेव्हा तिथवर पोहोचलेली नव्हती. या भटकंतीवरच्या पुस्तकाचे नावच रेल्वेपलीकडची भ्रमंती अशा अर्थाचे होते.

त्या पुस्तकात पिलचर्ड मासेमारीचे तपशीलवार वर्णन आहे. पिलचर्ड म्हणजे आपल्या तारलीच्या जातीचा मासा. कड्यावर उभा असलेला टेहळ्या पाण्याचा बदललेला रंग पाहून माशांचा थवा ओळखतो आणि हातातल्या झुडपांच्या फांद्या हलवून खालच्या होड्यांना इशारे करतो. होड्या जाळे टाकून थवा घेरतात. किनाऱ्यावर बायका मासे मिठात रचतात. वडिलांच्या चित्रांत कोळ्यांची मुले कोवळ्या उन्हात खेळत असत. मुलाच्या पुस्तकात त्यांच्या आयांच्या हातांना लागलेले मीठही आले.

डिकन्स यांची मैत्री किती महत्त्वाची ठरली?

१८५१ मध्ये एका हौशी नाटकाच्या निमित्ताने कॉलिन्स यांची चार्ल्स डिकन्स यांच्याशी ओळख झाली. डिकन्स वयाने १२ वर्षांनी मोठे आणि देशातले सर्वात लोकप्रिय लेखक. दोघांनी एकत्र प्रवास केले, नाटके केली, कथा लिहिल्या. १८५६ मध्ये कॉलिन्स डिकन्स यांच्या ‘हाउसहोल्ड वर्ड्स’ या साप्ताहिकाचे पगारी लेखक झाले. पुढे विल्की यांचे धाकटे भाऊ चार्ल्स यांचे लग्न डिकन्स यांच्या मुलीशी झाले.

१८५७ च्या ‘द डेड सिक्रेट’ या कादंबरीत कॉलिन्स पुन्हा कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर आले. समुद्राकाठचा जुना वाडा, त्याच्या ओसाड दालनात लपवलेले पत्र आणि ते लपवणारी मोलकरीण, असा तिचा ढाचा आहे. रोझॅनाची पूर्वतयारी इथे दिसते.

१८५९-६० मध्ये डिकन्स यांच्या ‘ऑल द इयर राउंड’ या नव्या साप्ताहिकात ‘द वुमन इन व्हाइट’ क्रमशः छापून आली आणि कॉलिन्स घराघरांत पोहोचले. त्या नावाची अत्तरे आणि टोप्या बाजारात आल्या. वाचकाला आठवडाभर अस्वस्थ ठेवणाऱ्या अशा कादंबऱ्यांना इंग्लंडमध्ये खळबळजनक कादंबरी हे नाव पडले आणि कॉलिन्स त्या प्रकाराचे मुख्य लेखक मानले गेले.

रोड हिल हत्याकांडाचा कादंबरीशी काय संबंध?

जून १८६० च्या अखेरीस विल्टशायरमधल्या रोड गावी, केंट या प्रतिष्ठित कुटुंबातला तीन वर्षांचा मुलगा रात्री बिछान्यातून नाहीसा झाला. त्याचा मृतदेह घराच्या आवारातल्या संडासात सापडला. स्कॉटलंड यार्डने इन्स्पेक्टर जोनाथन व्हिचर यांना पाठवले. लंडन पोलिसांची गुप्तहेर शाखा १८४२ मध्ये सुरू झाली तेव्हापासूनचे ते अधिकारी.

व्हिचर यांचा संशय मुलाची १६ वर्षांची सावत्र बहीण कॉन्स्टन्स हिच्यावर गेला. कारण होते कपड्यांची यादी. धुण्यासाठी दिलेल्या कपड्यांचा मेळ घेताना तिचा रात्रीचा एक झगा कमी भरत होता. तो झगा सापडला नाही. पुरावा नसल्याने कॉन्स्टन्स सुटली आणि कामगार वर्गातून आलेल्या एका पोलिसाने सभ्य घरातल्या मुलीवर आळ घेतला म्हणून जनमत व्हिचर यांच्यावर उलटले. त्यांची कारकीर्द त्यातून सावरली नाही. १८६५ मध्ये कॉन्स्टन्सने स्वतःहून गुन्हा कबूल केला, तेव्हा ते निवृत्त झालेले होते.

कॉलिन्स यांनी या प्रकरणातून खून वगळला, पण हरवलेला कपडा, धुण्याची वही, प्रतिष्ठित घरात पाऊल टाकणारा पोलीस या गोष्टी घेतल्या. त्यांचा सार्जंट कफ हा बऱ्याच अंशी व्हिचर यांच्यावर बेतला आहे. हाडकुळा, म्हातारा, गुलाबांचा शौकीन कफ हुशार आहे, पण तोही चुकतो.

फरक एवढाच की कॉलिन्स यांनी एक साधा प्रश्न पुढे नेला. घरातल्या कपड्यांचा हिशेब कोणाला ठाऊक असतो? मालकाला नाही, पोलिसालाही नाही. तो ठाऊक असतो गादी झटकणाऱ्या, कपडे मोजून देणाऱ्या मोलकरणीला. रोझॅना ब्लेकवर मनोमन प्रेम करते. त्याला वाचवण्यासाठी ती डाग पडलेला सदरा लपवते आणि रात्रभर जागून तसाच नवा शिवते. ब्लेकचे मात्र तिच्याकडे लक्षही नसते. रोझॅनाने त्या घराची नोकरी सोडून आपल्याबरोबर लंडनला यावे, दोघींनी शिवणकामावर गुजराण करावी, असे लूसीने ठरवलेले असते. म्हणून पत्र मागायला आलेल्या ब्लेकला ती अगदी तिरस्काराने वागवते. एका मच्छिमाराच्या मुलीचा हा राग कॉलिन्स यांनी सौम्य केला नाही, हसण्यावारीही नेला नाही.

हिरा भारतातलाच का?

‘द मूनस्टोन’ प्रसिद्ध झाली तेव्हा १८५७ च्या उठावाला जेमतेम ११ वर्षे झाली होती. उठावाच्या काळात इंग्लंडमध्ये सूडाची भाषा बोलली जात होती. डिकन्स यांनीही खासगी पत्रात भारतीयांचा संहार करण्याची भाषा केली होती. कॉलिन्स यांनी मात्र १८५८ मध्ये त्याच साप्ताहिकात लिहिलेल्या लेखात शहाजहानच्या काळातील एक बोधकथा सांगून, सदाचाराची शिकवण भारतीयांच्या स्वतःच्या परंपरेतही आहे, असे सुचवले.

दुसरा संदर्भ कोहिनूरचा. १८४९ मध्ये पंजाब खालसा झाल्यावर बाल महाराजा दुलीपसिंग यांच्याकडून कोहिनूर घेण्यात आला. १८५० मध्ये तो व्हिक्टोरिया राणीला दिला गेला आणि १८५१ च्या लंडनमधील प्रदर्शनात लोकांनी तो रांगा लावून पाहिला. कादंबरीचे कथानक बरोबर याच काळात, १८४८ ते १८५० दरम्यान घडते. कोहिनूरचा उल्लेख कॉलिन्स यांनी प्रस्तावनेत स्वतः केला आहे. लुटीच्या हिऱ्याचे कौतुक करणाऱ्या वाचकांसमोर त्यांनी पहिल्याच प्रकरणात चोर म्हणून इंग्रज अधिकारी उभा केला.

हिरा परत नेण्यासाठी आलेले तीन ब्राह्मण गारुड्यांच्या वेशात हिंडतात, त्यासाठी माणूस मारायलाही कचरत नाहीत. पण समुद्र ओलांडल्यामुळे आणि वेश बदलल्यामुळे त्यांची जात गेली आहे. काम झाल्यावर प्रायश्चित्त म्हणून तिघांनी तीन दिशांना जायचे आणि पुन्हा एकमेकांना कधी भेटायचे नाही, असा त्यांचा शेवट आहे.

कॉलिन्स भारतात कधीच आले नव्हते आणि त्यांच्या चित्रणात चुका आहेत. सोमनाथ हे शिवाचे ज्योतिर्लिंग. तिथे चार हातांच्या चंद्रदेवाची मूर्ती ही लेखकाची कल्पना. कादंबरीत १८५० मध्ये सोमनाथला हजारोंचा भव्य सोहळा दिसतो. प्रत्यक्षात जुने मंदिर तेव्हा भग्न होते आणि पूजा अहिल्याबाई होळकर यांनी १७८३ मध्ये जवळच बांधलेल्या मंदिरात होत असे. तरीही हिऱ्याचा खरा धनी कोण, या प्रश्नाचे कादंबरीने दिलेले उत्तर त्या काळातल्या लंडनसाठी धीटपणाचे होते.

कादंबरी लिहिताना काय घडत होते?

४ जानेवारी ते ८ ऑगस्ट १८६८ या काळात ‘द मूनस्टोन’ ‘ऑल द इयर राउंड’मध्ये ३२ भागांत छापून आली. नवा अंक घेण्यासाठी साप्ताहिकाच्या कचेरीबाहेर गर्दी जमे आणि ओझी वाहणारे हमालही उभ्या उभ्या अंक वाचत, अशी आठवण पुस्तकाचे प्रकाशक टिन्सली यांनी लिहून ठेवली आहे.

लेखकाची अवस्था मात्र बिकट होती. सांधेदुखीने त्यांना अंथरुणाला खिळवले, डोळेही सुजत. त्याच वेळी आई हॅरिएट मरणपंथाला लागल्या आणि मार्चमध्ये गेल्या. आजारपणामुळे कॉलिन्स अंत्यविधीलाही जाऊ शकले नाहीत. साप्ताहिकाचा भाग मात्र चुकवता येत नव्हता.

वेदना सहन व्हाव्यात म्हणून ते लॉडॅनम घेत. लॉडॅनम म्हणजे दारूत विरघळवलेली अफू. ती तेव्हा औषधाच्या दुकानात सहज मिळे आणि रडणाऱ्या मुलांनाही दिली जाई. कॉलिन्स यांचे प्रमाण वर्षागणिक वाढत गेले. कादंबरीतल्या रहस्याच्या मुळाशीही अफूच आहे. तिथे कोडे सोडवणारा एझ्रा जेनिंग्ज हा डॉक्टरचा मदतनीस असाध्य दुखण्यामुळे अफूच्या आहारी गेलेला आहे. तो एका वसाहतीत, मिश्र वंशात जन्मलेला, खोट्या आरोपाने बदनाम झालेला आणि गावाने टाळलेला माणूस. लेखकाने स्वतःचे दुखणे आणि स्वतःचे औषध या पात्राला दिले.

या काळाविषयी एक आख्यायिका नेहमी सांगितली जाते. कॉलिन्स यांचे विव्हळणे ऐकून एकामागून एक लेखनिक पळून गेले आणि अखेर एका तरुणीने निश्चयाने सगळा मजकूर उतरवून घेतला, अशी ती कथा. ती कॉलिन्स यांनीच पसरवली. पण उपलब्ध हस्तलिखितातली बहुतेक पाने त्यांच्याच अक्षरात आहेत. दुसऱ्या हाताने लिहिलेली पाने मोजकी आहेत. म्हणजे दुखणे खरे होते, पण बहुतांश कादंबरी त्यांनी त्या अवस्थेतही स्वतःच्या हाताने लिहिली.

दोन घरे आणि दोन नावे कशासाठी?

कॉलिन्स यांनी आयुष्यभर लग्न केले नाही. १८५० च्या दशकाच्या अखेरीपासून ते कॅरोलाइन ग्रेव्हज यांच्याबरोबर राहत. कॅरोलाइन सुताराची मुलगी, तरुणपणी विधवा झालेल्या, पदरी एक लहान मुलगी. कॉलिन्स यांनी त्या मुलीला स्वतःच्या मुलीसारखे वाढवले, शिकवले. पुढे तीच त्यांची लेखनिक झाली. पण कॅरोलाइन यांच्याशी लग्न करायला ते तयार नव्हते. प्रतिष्ठित घरांतली आमंत्रणे कॉलिन्स यांना येत, कॅरोलाइन यांना नाही.

१८६४ च्या सुमारास ‘आर्मडेल’ या कादंबरीच्या तयारीसाठी ते नॉरफोकच्या किनाऱ्यावर, ग्रेट यार्मथ या मासेमारीच्या बंदराकडे गेले. जवळच्या विंटरटन या समुद्रकाठच्या गावातल्या मार्था रड त्यांच्या आयुष्यात आल्या त्या याच काळात. मार्था मेंढपाळाची मुलगी. वय १९ च्या आसपास. खाणावळीत नोकर म्हणून काम केलेली. काही वर्षांत त्या लंडनला आल्या आणि कॉलिन्स यांच्या घरापासून जवळच भाड्याच्या खोल्यांत राहू लागल्या.

ऑक्टोबर १८६८ मध्ये, म्हणजे ‘द मूनस्टोन’चा शेवटचा भाग छापून आल्यावर अवघ्या तीन महिन्यांत, कॅरोलाइन यांनी दुसऱ्याशी लग्न केले. पुढच्या जुलैत मार्था यांना मुलगी झाली. नंतर आणखी एक मुलगी आणि एक मुलगा झाला. मार्था यांच्या घरी कॉलिन्स हे विल्यम डॉसन नावाचे वकील असत आणि मार्था मिसेस डॉसन. कॅरोलाइन यांचे लग्न टिकले नाही. दोन-अडीच वर्षांत त्या कॉलिन्स यांच्या घरी परतल्या आणि शेवटपर्यंत तिथेच राहिल्या. मार्था यांचे घर वेगळेच राहिले. सुट्टीत रॅम्सगेटच्या किनाऱ्यावर गेले तरी दोन्ही कुटुंबांचे मुक्काम वेगवेगळ्या ठिकाणी असत. मुले मात्र एकमेकांकडे येत-जात.

यात एक विसंगती आहे. विवाहाचे कायदे स्त्रियांवर अन्याय करतात, हे कॉलिन्स यांनी सातत्याने लिहिले. १८६२ च्या ‘नो नेम’मध्ये आई-वडिलांचे लग्न झालेले नव्हते म्हणून दोन मुलींचे नाव आणि वारसा दोन्ही जातात. १८७० च्या ‘मॅन अँड वाइफ’मध्ये नवऱ्याच्या हाती सारे हक्क देणाऱ्या कायद्यावर टीका आहे. कायद्याच्या या बेडीत अडकायचे नाही, ही त्यांची भूमिका होती. पण न अडकण्याची किंमत त्यांनी दिली नाही. ती दिली दोन स्त्रियांनी आणि खऱ्या आडनावाशिवाय वाढलेल्या तीन मुलांनी. रोझॅनाचे दुःख ओळखणाऱ्या लेखकाच्या घरी, किनाऱ्यावरून आलेली एक नोकर मुलगी खोट्या नावाने राहत होती.

पहिली गुप्तहेर कादंबरी हीच का?

याबाबत मतभेद आहेत. एडगर ॲलन पो यांच्या गुप्तहेर कथा १८४१ पासूनच्या. फ्रान्समध्ये एमिल गाबोरियो यांची कादंबरी १८६६ मध्ये आली होती. इंग्लंडमध्येही १८६०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘द नॉटिंग हिल मिस्ट्री’ छापली गेली होती. त्यामुळे ‘द मूनस्टोन’ ही अगदी पहिलीच म्हणता येत नाही. मात्र टी. एस. एलियट आणि डोरोथी सेअर्स यांच्यासारख्या जाणकारांनी तिला या प्रकारात सर्वोच्च स्थान दिले.

पुढे नेहमीचे झालेले अनेक घटक तिच्यात एकत्र सापडतात. गावाबाहेरचे मोठे घर, मोजके संशयित, चुकणारे स्थानिक पोलीस, बाहेरून आलेला विक्षिप्त पण हुशार तपास अधिकारी, सर्वात कमी संशय असलेला गुन्हेगार आणि शेवटी गुन्ह्याच्या रात्रीची पुनर्रचना. विशेष म्हणजे डिकन्स यांना सुरुवातीला आवडलेली ही कादंबरी पुढे कंटाळवाणी वाटू लागली. वाचकांचे मत तसे नव्हते.

शेवट कसा झाला?

१८७० मध्ये डिकन्स आणि १८७३ मध्ये भाऊ चार्ल्स गेले. कॉलिन्स लिहीत राहिले, पण आधीची उंची पुन्हा गाठता आली नाही. अफूचे प्रमाण इतके वाढले होते की इतरांना घातक ठरेल असा डोस ते सहज घेत. आपलाच दुसरा अवतार मागे उभा असल्याचे भास त्यांना होत. ‘द मूनस्टोन’चा शेवट वाचताना तो आपण लिहिल्याचे आठवेना, असे त्यांनी नंतर परिचितांना सांगितल्याची नोंद आहे. कादंबरीतल्या ब्लेकला स्वतःच्या सदऱ्यावरचे नाव वाचून बसलेला धक्का लेखकाच्या वाट्याला असा आला.

जून १८८९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि २३ सप्टेंबर १८८९ रोजी लंडनमध्ये वयाच्या ६५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. आयुष्यभर झाकलेली गोष्ट मृत्युपत्राने उघड केली. कॉलिन्स यांनी मार्था यांच्या तिन्ही मुलांना आपली मुले म्हणून मान्य केले होते आणि मालमत्तेचे उत्पन्न कॅरोलाइन व मार्था यांच्या कुटुंबांत समान वाटून दिले होते. ‘नो नेम’मधल्या मुलींना कायद्याने जे नाकारले, त्यातले पैशांपुरते तरी त्यांनी स्वतःच्या मुलांना मिळवून दिले.

लंडनच्या केन्सल ग्रीन दफनभूमीत त्यांची कबर आहे. दगडावर ‘द वुमन इन व्हाइट’चा उल्लेख आहे. १८९५ मध्ये कॅरोलाइन गेल्या. त्यांनाही त्याच कबरीत पुरण्यात आले, पण दगडावर त्यांचे नाव नाही. मार्था १९१९ पर्यंत जगल्या. ‘द मूनस्टोन’ कधी छपाईतून गेली नाही आणि तिच्यावर नाटके, चित्रपट, मालिका होत राहिल्या. तिच्यातली रोझॅना मरण्यापूर्वी एक लांबलचक पत्र लिहून जाते, म्हणून तिची बाजू उशिरा का होईना, वाचली जाते. कॅरोलाइन आणि मार्था यांनी कॉलिन्स यांच्याबद्दल काय म्हटले असते, ते सांगणारी अशी पेटी कुणाला सापडलेली नाही.